बंद झालेली वाट उघडावी कशी?



नेसरीचे नाव घेतले की कोणाही मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे एक खिंड उभी राहते. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनोबत प्रतापराव गुजर बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि येथेच कामी आले. त्यांच्याबरोबर अवघे सहा स्वार होते असे परंपरा सांगते. ती कथा तुम्हांला पाठ आहे आणि मुलांनाही पाठ आहे, म्हणून आज ती सांगत नाही. वाटेची गोष्ट मात्र सांगायची आहे. संकटावर चालून जाणे हे शौर्य खरेच. पण काही संकटे अशी असतात की त्यांच्यावर घोडा घालून भागत नाही. तेथे थांबावे लागते, आणि पुन्हा केव्हा निघावे हे कळावे लागते. साथीचा रोग हे असले संकट आहे.

२०२० सालचा मे महिना आठवून पाहा. गडहिंग्लज, आजरा, चंदगड, भुदरगड या आपल्या भागातली किती माणसे मुंबईत पोटासाठी राहतात हे मी तुम्हांला सांगायला नको. शहरे बंद पडली, काम बंद पडले, भाड्याच्या खोलीत माणसे कोंडली गेली. मग परवाने काढून, मिळेल त्या वाहनाने ही माणसे गावाकडे निघाली. इकडे गावांनी काय केले होते? कोठे वेशीवर आडवे लाकूड टाकले होते, कोठे रस्त्यात दगड आणि काटेरी फांद्या. आलेल्या माणसाला घरी न पाठवता गावच्या शाळेत चौदा दिवस ठेवायचे, असा शिरस्ता पडला. ज्या वर्गात तो लहानपणी पाढे म्हणाला त्याच वर्गात तो सतरंजी टाकून पडला. आई कुंपणाबाहेर भाकरीचे गाठोडे ठेवायची आणि चार पावले मागे सरायची. "कधी सोडतील रं?" एवढेच विचारायची.

त्या दिवसांत गावाने केले ते बरोबर होते की चूक, यावर आजही पारावर वाद होतो. मी त्या वादात शिरत नाही. मी इतिहासाकडे बोट दाखवणार आहे. वाट बंद करणे सोपे असते, त्याला एक लाकूड पुरते. वाट उघडायची वेळ आली म्हणजे मात्र तीन गोष्टी लागतात. रोग कशावर स्वार होऊन येतो याचे ज्ञान लागते. येणाऱ्याच्या तोंडून सत्य यावे लागते. आणि त्याला घेणाऱ्याच्या अंगी माणुसकी असावी लागते. यातली एक जरी नसली तरी वाट एक तर उगाच बंद राहते, नाही तर उगाच उघडते. गेल्या सव्वाशे वर्षांत आपल्याच मुलखात हे कसे घडले ते पाहू.

प्रथम तो ‘क्वारंटाईन’ शब्द. २०२० मध्ये तो शेतातल्या बायकांच्या तोंडीही बसला. हा शब्द जुना आहे. युरोपात आड्रियाटिक समुद्राच्या काठी रागुसा नावाचे एक व्यापारी नगर होते. आज त्याला दुब्रोवनिक म्हणतात. प्लेगच्या भीतीने त्या नगराने १३७७ साली नियम केला की रोगट मुलखातून आलेल्याने तीस दिवस बाहेर राहावे, मग आत यावे. पुढे तीसाचे चाळीस झाले. इटालियन भाषेत चाळीसला ‘क्वारांता’ म्हणतात, त्यावरून हा शब्द आला. गंमत अशी की हा नियम वाट बंद करण्यासाठी झालाच नव्हता. त्या नगराचे पोट व्यापारावर होते. जहाजे कायमची थांबवली असती तर नगरच उपाशी मेले असते. वाट चालू राहावी म्हणूनच हे थांबणे ठरवले गेले. एवढे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता आपल्याकडे येऊ. सप्टेंबर १८९६. मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस नावाचे गोव्याकडचे एक डॉक्टर रोग्यांना तपासत होते. ताप, आणि जांघेत, काखेत गाठ. त्यांनी निदान केले की हा प्लेग आहे. मांडवी म्हणजे मुंबई बंदराला लागून असलेली धान्याची पेठ. गोदामेच गोदामे, आणि गोदाम आले की उंदीर आलाच. प्लेगची बातमी फुटली तशी मुंबई रिकामी होऊ लागली. आगगाडीने, बोटीने, पायी, लाखो माणसे गावाकडे निघाली. आपल्या कोल्हापुरास मिरजेहून आगगाडी आली ती १८९१ साली, म्हणजे तेव्हा ती नवीच होती. जी आगगाडी आठवड्याची वाट एका दिवसावर आणते, ती रोगालाही तितक्याच लवकर आणते, हे लोकांना तेव्हा प्रथम कळले.

जगाने मुंबईकडे पाठ फिरवली. परदेशी बंदरे मुंबईच्या जहाजांना घेईनात. १८९७ च्या आरंभी व्हेनिस शहरात निरनिराळ्या राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले आणि हिंदुस्थानातून येणाऱ्या जहाजांचे काय करायचे यावर खल झाला. त्या वर्षी मुंबईहून हजला जाणारी जहाजेही थांबवली गेली. इकडे सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा मंजूर केला. हाच कायदा १२३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, आपल्या राज्याने पुन्हा बाहेर काढला. त्या कायद्याने सरकारला प्रवाशांना थांबवण्याचा, तपासण्याचा आणि वेगळे ठेवण्याचा अधिकार मिळाला.

मग काय झाले? मोठमोठ्या स्टेशनांवर गाडी थांबली की उतारूंना खाली उतरवून रांगेत उभे करीत. काख चाचपून पाहत, मान पाहत, जांघ पाहत. बायाबापड्यांना परक्या माणसांसमोर हे सोसावे लागे. ताप दिसला की रवानगी छावणीत. दक्षिणेकडे, विशेषतः मद्रास इलाख्यात, ‘प्लेग पासपोर्ट’ नावाचा कागद निघाला. रोगट भागातून आलेल्याने तो बाळगायचा आणि पोचल्या गावी नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे ठराविक दिवस हजेरी लावायची. यात्रांवर बंदी आली, यात्रेच्या गावची तिकिटे देणे थांबवले गेले.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, एवढा बंदोबस्त झाला तर प्लेग थांबला असेल. नाही थांबला! तो पसरतच गेला, आणि पुढे कित्येक वर्षे एकेका जिल्ह्यात ठाण मांडून बसला. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. प्लेगचा जंतू हाँगकाँगमध्ये १८९४ साली ओळखला गेला होता. परंतु तो माणसात शिरतो कसा हे कोणाला ठाऊक नव्हते. फ्रेंच डॉक्टर सीमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून सांगितले की हा रोग उंदरावरची पिसू आणते. कोणी चटकन विश्वास ठेवला नाही. पुढे १९०५ पासून मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत प्लेग कमिशनने बारकाईने प्रयोग केले, तेव्हा ती गोष्ट पक्की झाली. उंदीर आधी मरतो, त्याच्या अंगावरची पिसू उपाशी होते आणि माणसाला चावते. उंदीर आणि पिसवा प्रवास करतात त्या धान्याच्या पोत्यांतून आणि कपड्यांच्या बोचक्यांतून. म्हणजे झाले असे की स्टेशनावर माणसाची काख तपासली, आणि शेजारच्या डब्यातले धान्याचे पोते मात्र बिनबोभाट पुढे गेले.

येथे आपल्या अडाणी म्हटल्या गेलेल्या खेड्यांचे एक शहाणपण सांगितले पाहिजे. उंदीर पडू लागले की गाव उठायचे आणि रानात जायचे. माळावर, मळ्यात खोपी घालून महिना दोन महिने राहायचे. पुस्तकात पिसू सापडण्याआधी लोकांनी हे अनुभवाने शोधले होते. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत प्लेग आला तेव्हा गावे मोकळी करून उघड्यावर वस्ती करणे आणि लस टोचणे, या उपायांवर भर होता. वाड्यावस्त्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांकडून ‘पिलेगात गाव बाहेर पडलं होतं’ हे वाक्य तुमच्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. शिक्षकांनी ते वाक्य गोळा करून ठेवावे. तो आपला लिहिला न गेलेला इतिहास आहे.

सक्तीचे काय झाले ते तर साऱ्या देशाला माहीत आहे. पुण्यात घराघरांत सोजीर शिरले. लोकांचा संताप एवढा वाढला की २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. राजकीय इतिहासात या घटनेचे मोल वेगळे आहे. पण साथीच्या इतिहासात तिच्याआधीची एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, ती म्हणजे लपवालपवी. छावणीत नेतील या भीतीने माणसे रोगी लपवू लागली. प्रवासाला निघालेला तापकरी माणूस "मी खडखडीत आहे" म्हणू लागला. सत्य सांगितले की शिक्षा होते, असे एकदा माणसाला वाटले म्हणजे कोणतीही चौकी त्याला पकडू शकत नाही. आडवाटा चौक्यांपेक्षा नेहमीच जास्त असतात!

त्याच पुण्याच्या बाहेर, हडपसरजवळ ससाणे मळ्यात, एक दुसराच दवाखाना चालला होता. डॉ. यशवंत फुले यांनी तो काढला होता, आणि त्यांच्या मातोश्री सावित्रीबाई फुले तेथे राबत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणले असे सांगतात. तो रोग त्यांनाही लागला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोगी ओळखून गावाबाहेर आणायचा, हे काम रँडही करत होता आणि सावित्रीबाईही करत होत्या. एकाच्या हाताला लोक भिऊन पळाले आणि दुसरीच्या पाठीवर त्यांनी आपले मूल दिले. वेगळे ठेवणे वाईट नसते. ते कोणत्या हाताने होते यावर सारे असते.

आता लशीची हकिगत. डॉ. हाफकिन हे रशियन साम्राज्यातून आलेले ज्यू शास्त्रज्ञ. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात थोड्याशा जागेत बसून त्यांनी प्लेगवर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली. १८९८ मध्ये, आपल्यापासून फार दूर नसलेल्या हुबळीत, तीस हजारांहून अधिक माणसांनी ही लस घेतली. लस घेतलेल्यास दाखला मिळे. तो दाखला जवळ असला की सक्तीने छावणीत नेण्यापासून सूट मिळे. लशीच्या कागदावर माणसाला मोकळे सोडण्याची रीत ही २०२१ साली निघाली असे कोणाला वाटत असेल तर त्याने हे ध्यानात घ्यावे.

परंतु लशीलाही विश्वासाचा आधार लागतो. १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवाल या गावी एकाच बाटलीतली लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. साऱ्या देशात लशीविषयी भीती पसरली. हाफकिनसाहेबांना दोष दिला गेला, कामावरून दूर व्हावे लागले, आणि त्यांच्यावरचा ठपका निघायला १९०७ साल उजाडले. पुढे १९२५ मध्ये मुंबईतल्या त्या संस्थेला त्यांचेच नाव देण्यात आले.

प्लेगने शिकवले ते १९१८ साली उपयोगी पडले काय? फारसे नाही. त्या वर्षीचा इन्फ्लुएन्झा मुंबई बंदरातून आला आणि आगगाडीच्या रुळांवरून देशभर गेला. तो हवेतून, श्वासातून पसरणारा. काही महिन्यांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली. रोग बदलला की वाटेचा नियम बदलला पाहिजे, हे तेव्हाही उमगले नाही. पटकी पाण्यातून येते, तेथे विहीर राखावी लागते. प्लेग पिसवेतून येतो, तेथे उंदीर आणि पोते पाहावे लागते. इन्फ्लुएन्झा श्वासातून येतो, तेथे गर्दी टाळावी लागते आणि खिडकी उघडावी लागते. एका रोगाचे औषध दुसऱ्याला लावून कसे चालेल?

विसाव्या शतकात परदेशी जाणे वाढले आणि त्याबरोबर कागदही वाढले. १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने राष्ट्रांसाठी सामाईक नियम केले. जुन्या काळी आपल्याकडून विलायतेला किंवा आखातात जाणाऱ्याला देवीची लस टोचल्याचा दाखला दाखवावा लागे. १९८० मध्ये देवी रोग जगातून नाहीसा झाल्याची घोषणा झाली आणि तो दाखला इतिहासजमा झाला. शिक्षक मित्रहो, ही फार सुंदर गोष्ट आहे. कागद मागणे थांबले, कारण रोगच उरला नाही. पीतज्वराच्या लशीचा पिवळा दाखला मात्र आजही आहे. आफ्रिकेतल्या अनेक देशांत जाताना आणि तेथून आपल्याकडे येताना तो लागतो. आपल्या देशात तो रोग नाही, पण तो पसरवणारा डास आहे. म्हणून एका माणसाचा कागद येथे सगळ्या देशाची राखण करतो.

१९९४ चे उदाहरण अनेकांना आठवत असेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर वर्षाच्या आतच बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठीच्या प्लेगचे रोगी आढळले. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची हाकाटी झाली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. काही देशांनी, त्यात आखाती देशही होते, भारताची विमाने थांबवली. प्रवासबंदीची गरज नाही असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे होते, पण भीतीला कान नसतात. काही आठवड्यांत सारे पूर्ववत झाले. या आणि अशा अनुभवांतून जुने नियम बदलायचे ठरले आणि २००५ मध्ये ते नव्याने लिहिले गेले. रोग आहे हे देशाने लवकर आणि मोकळेपणाने कळवावे, आणि इतरांनी त्याला गरजेपेक्षा जास्त कोंडू नये, असा त्यांचा गाभा आहे. थोडक्यात, एकाने खरे बोलावे आणि दुसऱ्याने त्याची शिक्षा करू नये. गावाला जे लागू तेच राष्ट्रांनाही लागू.

आणि आता पुन्हा २०२०. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले पहिले करोनाचे रोगी पुण्यात आढळले. दुबईची सहल करून परतलेले ते एक दांपत्य होते. चाळीसएक जणांच्या गटाबरोबर ते गेले होते. सहलीला जाणे हा काही गुन्हा नव्हे. आपल्या खेड्यांतूनही आता माणसे चार पैसे साठवून सिंगापूर-दुबई पाहून येतात, मुलगा परदेशी असेल तर आई-वडील नातवंड पाहायला जातात. त्या दांपत्याची तपासणी झाली, ते कोणाबरोबर होते हे कळले, म्हणून सोबत्यांचा शोध घेता आला. पण त्याच दिवसांत परदेशाहून आलेल्या माणसांकडे शेजारी कसे पाहत होते, तेही आठवा.

२२ मार्चच्या मध्यरात्रीनंतर परदेशांहून येणारी नेहमीची प्रवासी विमाने थांबली. परदेशात अडकलेल्यांना आणण्यासाठी ७ मेपासून ‘वंदे भारत’ची विमाने सुरू झाली. पुढे काही देशांशी आपापसांत करार करून मोजकी विमाने सोडली. आणि नेहमीची आंतरराष्ट्रीय वाहतूक पूर्ववत झाली ती २७ मार्च २०२२ रोजी. म्हणजे वाट बंद व्हायला एक रात्र लागली आणि ती पुरती उघडायला दोन वर्षे!

मधल्या काळात आपल्या दारात काय होते? नेसरीहून एकीकडे गोवा जवळ, दुसरीकडे कर्नाटक जवळ. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा खरोखरच परदेश होता, पोर्तुगिजांचा होता. २०२० मध्ये तो पुन्हा काही महिने परदेशासारखा झाला. कर्नाटकच्या हद्दीवर कोगनोळीच्या नाक्यावर २०२१ मध्ये बहात्तर तासांच्या आतला तपासणीचा दाखला मागत. ज्यांची सोयरीक निपाणी-बेळगावात, ज्यांचा बाजार संकेश्वरात, त्यांना बारशाला जायचे तर नाकात काडी घालून घ्यावी लागे. आणि गंमत पाहा, ठिकठिकाणी कपाळाजवळ यंत्र धरून ताप मोजत होते. हा रोग तर ताप येण्याआधीच दुसऱ्याला लागू शकत होता! १८९७ साली काख चाचपली, २०२० साली कपाळ मोजले. दोन्ही वेळा जे दिसते ते तपासले, आणि जे खरोखर पसरवते ते निसटले.

लस आली. १६ जानेवारी २०२१ पासून देशात टोचणी सुरू झाली. यातली फार मोठ्या प्रमाणावर दिलेली कोविशील्ड लस आपल्या पुण्याजवळच्या हडपसर-मांजरी भागात तयार झाली. ज्या हडपसरजवळ सावित्रीबाईंचा दवाखाना होता तोच हा परिसर. पण १ जुलै २०२१ पासून युरोपने आपला लस-दाखला सुरू केला तेव्हा कोविशील्डचे नाव त्यांच्या यादीत नव्हते. मूळ लस तीच, पण पुण्यात बनली म्हणून कागद चालेना. नंतर एकेका देशाने ती मान्य केली. त्याच वर्षी इंग्लंडनेही आपल्या दाखल्यावर शंका घेतली. ४ ऑक्टोबरपासून भारतानेही इंग्लंडहून येणाऱ्यांना तसेच नियम लावले. मग ११ ऑक्टोबरपासून इंग्लंडने आपला दाखला स्वीकारला. यातून काय दिसते? कागद नुसता खरा असून चालत नाही. समोरच्याने तो खरा मानावा लागतो.

परदेशच्या वाटेपेक्षा आपल्या मनाला जवळची वाट पंढरीची. तिचे काय झाले? २०२० मध्ये पायी वारी झाली नाही. दशमीला, ३० जून रोजी, संतांच्या पादुका एस. टी. बसने पंढरपुरास गेल्या, बरोबर मोजकी माणसे होती. २०२१ मध्येही मानाच्या दहा पालख्या बसनेच गेल्या, माणसे थोडी वाढली. आणि २०२२ च्या जूनमध्ये वारी पुन्हा पायी निघाली. मला हे उदाहरण फार बोलके वाटते. परंपरा मोडली नाही आणि हट्टही धरला नाही. आधी पादुका, मग थोडी माणसे, मग सारा समाज. बंद झालेली वाट अशी पायरीपायरीने उघडावी. दोन वर्षे घरी बसून ज्याने विठोबाला हात जोडला, त्याची वारी चुकली असे कोण म्हणेल?

मित्रहो, ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. आज आपण मोकळेपणाने हिंडतो-फिरतो. पण इतिहास एवढेच सांगतो की अशी वेळ पुन्हा कधीतरी येईल. कोणता रोग, कोणत्या साली, हे कोणी सांगू शकणार नाही. तेव्हा गावात शांतपणे विचार करणारी माणसे हवीत, आणि ती आज तुमच्या वर्गात बसलेली आहेत. म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे की मुलांना तीन प्रश्न विचारायला शिकवा.

पहिला प्रश्न : हा रोग कशावर स्वार होऊन येतो? पाण्यावर, पिसवेवर, डासावर की श्वासावर? त्याचे उत्तर मिळाले की चौकी कोठे बसवायची ते आपोआप कळते.

दुसरा प्रश्न : ज्याच्याविषयी शंका आहे त्याने किती दिवस थांबायचे? रागुसाला तीस दिवस लागले, करोनात चौदा धरले गेले. तो आकडा भीतीने ठरवायचा नसतो, रोग अंगात किती दिवस लपून राहतो त्यावरून ठरवायचा असतो. आणि ते दिवस सरले की लाकूड बाजूला झाले पाहिजे. त्यानंतरही दार लावून घेणे हा निव्वळ दुष्टावा होय.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड : थांबणाऱ्याच्या पोटाचे काय? ज्याची रोजी बुडते, ज्याच्या घरी चूल थंड होते, तो ताप लपवणारच. त्याला खरे बोलायला लावायचे असेल तर त्याच्या भाकरीची सोय गावाने केली पाहिजे. २०२० च्या मे महिन्यात ज्या गावांनी शाळेत राहिलेल्यांना वेळेवर जेवण दिले, स्वच्छ पाणी दिले, बायामाणसांची आडोशाची सोय केली, आणि चौदाव्या दिवशी हसतमुखाने "या आता घरी" म्हटले, त्या गावांनी रोगही राखला आणि माणसेही राखली.

आणि आपण स्वतः जेव्हा प्रवासाला निघतो, मग तो यात्रेचा असो की विमानाचा, तेव्हा याच गोष्टी आपल्याला लागू होतात. लागेल ती लस वेळेवर घ्यावी. अंगात कणकण असेल तर तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील, पण निघू नये. कोठून आलो, कोणाला भेटलो, हे विचारणाऱ्याला खरे सांगावे. आणि कोणी आपल्याला खरे सांगितले तर त्याला पाप्यासारखे वागवू नये. बस्स, एवढेच.

ती कुंपणाबाहेरची आई मला अजून आठवते. चार पावले मागे सरताना तिच्या मनाला काय वाटले असेल! पण ती सरली, कारण गावही तिचेच होते. आणि मुलगा आत राहिला, कारण आईही त्याचीच होती. प्रतापरावांच्या खिंडीतले शौर्य आपण मुलांना शिकवतोच. या चार पावलांचे शौर्यही त्यांना शिकवावे, असे मला वाटते.